तीस सप्टेंबरपर्यंत

सहलीच्या गाडीत मार्लीजने दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या पाठी धरल्या आणि कुरणातल्या गाईंना हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली, "बायांनो, इकडे लक्ष द्या! एक गंमत आहे. मंडळाने तुम्हाला न विचारता बोटीची तिकिटं काढलीत. जेवण झालं की दोन तास तळ्यावर!" आणि सगळी गाडी टाळ्यांनी भरून गेली. लिडियाचे हात मांडीवरच्या पिशवीवर होते, ते तिथेच राहिले. कार्यक्रमाचा कागद तिला पाठ होता. चार आठवडे तो स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यामागे टेकवलेला होता. बारा वाजता जेवण. दीडपासून साडेचारपर्यंत मोकळा वेळ. साडेचारला गाडी सुटेल. त्या मोकळ्या तीन तासांची तिने मनात इतक्यांदा घडी घातली होती आणि उलगडली होती, की ते तास नसून तिच्या मालकीचं कापड असल्यासारखं झालं होतं. आता मार्लीजने ते कात्रीने मधोमध कापलं आणि सगळ्या जणी हसत होत्या. "टाळ्या वाजव की गं, लिडी," शेजारची ट्रूडी कोपराने ढोसत म्हणाली. "फुकटची बोट आहे. का सकाळची कॉफी कडक पडली?" लिडियाने टाळ्या वाजवल्या. आपल्याच हातांचा आवाज तिला ओल्या लाकडासारखा वाटला. आज अठ्ठावीस तारीख होती.

पिशवीच्या आतल्या कप्प्यात, चष्म्याच्या घराखाली, ते पत्र होतं. ल्युसर्न शहराच्या कचेरीचं, सभ्य भाषेतलं. अमुक रांगेतल्या थडग्यांची वीस वर्षं पूर्ण झाली आहेत. ती जागा मोकळी करण्यात येईल. मृताची पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही, तेव्हा जवळच्या नातेवाईक म्हणून आपणांस कळवण्यात येत आहे की दगड हवा असल्यास तीस सप्टेंबरपर्यंत न्यावा, त्यानंतर तो फोडण्यात येईल. ऑगस्टमध्ये पोस्टमनने ते हातात दिलं तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. पत्र एप्रनमध्ये गेलं, एप्रनमधून शिवणाच्या पेटीत, पेटीतून पिशवीत. नवऱ्याच्या, हान्सुएलीच्या, नजरेच्या वाटेत ते कधी आलं नाही. दुसऱ्याच दिवशी आगगाडीत बसून दीड तासात ती ल्युसर्नला पोचली असती. पण त्यांच्या घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिल्याशिवाय कुणी कुठे जात नसे. कोण दंतवैद्याकडे, कुठली गाय केव्हा व्यायची, कोणत्या रविवारी कुणाकडे जेवण. त्या चौकोनात 'ल्युसर्न' असं लिहिलं असतं, तर हान्सुएलीने बटाटे सोलता सोलता नुसतं विचारलं असतं, "ल्युसर्नला काय?" आणि त्या दोन शब्दांना तिच्याकडे उत्तर नव्हतं. शेतकरी बायकांच्या मंडळाची ल्युसर्नची सहल मात्र एप्रिलपासून लिहिलेली होती, तीही त्याच्याच हस्ताक्षरात. म्हणून ती थांबली. आपल्याला मुदतीपर्यंत हक्क आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. मुदतीच्या आत केलेली गोष्ट ही वेळेवर केलेलीच असते, असं सांगण्यात तिचा जन्म गेला होता.

गाडी पूल ओलांडून पलीकडे गेली आणि लगेच रस्त्याकडेला पहिला क्रूस आला, मग दुसरा, झेंडूच्या कुंडीसकट. बाबा बैलगाडीने बाजाराला जात तेव्हा या पुलाशी चाबकाची मूठ पुढे करून म्हणत, "इथनं पुढे त्यांचं." त्यांचं म्हणजे कॅथलिकांचं; अलीकडचे आपण प्रोटेस्टंट. डोंगर तेच, गाईही तपकिरी-पांढऱ्या त्याच, पण लहानपणी लिडिया पुलाच्या पुढचं गवतही वेगळ्या हिरव्या रंगाचं समजत असे. धाकटा भाऊ क्रिगू म्हणायचा, "लिडी, मी त्यांचं गवत खाऊन बघितलं. आपल्यासारखंच लागतं." तो सगळं खाऊन बघायचा. त्याला आवाजही तसाच होता, कुणी न दिलेला, कुठूनही उगवणारा. रविवारी दुपारी श्वांडवरच्या, म्हणजे त्यांच्या शेतघराच्या, मोठ्या खोलीत आसपासची माणसं जमायची आणि चाकं दुरुस्त करणारा म्हातारा सामुएल उभा राहून देवाची गोष्ट सांगायला लागायचा. आधी साधं बोलणं, हवापाण्याचं, कुणाच्या तरी हट्टी खोंडाचं. मग बोलता बोलता शब्दांना चाल लागायची, केव्हा लागली ते कळायचंही नाही. फक्त बाकांवर बसलेल्यांच्या पाठी हळूहळू ताठ व्हायच्या. मध्येच थांबून तो पोरांकडे बघून विचारायचा, "दारात कोण आलंय?" आणि पोरांनी गाऊन उत्तर द्यायचं, "ज्याची वाट पाहिली तो!" क्रिगूचा सूर सगळ्यांच्या वर जायचा आणि त्या सुराच्या आडोशाने लिडियाही गायची, कारण तिला एकटीला गाता येत नसे. देव कुठे राहत असेल तर तो त्या खोलीत राहत होता, उकडलेल्या बटाट्यांच्या आणि ओल्या लोकरीच्या वासात, याबद्दल तिला आजही शंका नव्हती. म्हणून तर भीती होती. ज्या घरात तो राहत होता त्याच घरात ते घडलं होतं.

जेवायला सगळ्यांना एकाच लांब टेबलाशी बसवलं. खारीसारख्या पापुद्र्यांची, कुरकुरीत टोपीची पेटी, आत मांसाचे गोळे आणि पांढरा रस्सा. चमचा घातला की पेटी मोडायची आणि वाफ तोंडावर यायची. बायका रश्श्यातल्या मनुकांवर बोलत होत्या. "गोड आणि तिखट एकत्र! धर्मच वेगळा, मग रस्सा तरी सारखा कसा असेल," कुणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. लिडिया भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नव्हती; पाठीमागे ते कुठे आहे हे तिच्या मानेला कळत होतं. मनुका दातांखाली फुगून फुटल्या. बोटीवर गेलं तर परत यायला चार. तिथून दफनभूमी शहराच्या पार टोकाला. साडेचारला गाडी. आयुष्यात तिने कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं, दूध गोळा करणाऱ्या गाडीलासुद्धा नाही. हिशोब जमत नव्हता. "मला बोट लागते," ती अचानक मोठ्याने म्हणाली. माना वळल्या. "लागते म्हणजे?" मार्लीजने विचारलं. "पोटात ढवळतं. मी इथेच फिरेन. तुम्ही जा." खोटं इतकं सहज बाहेर आलं की ती स्वतःच दचकली. अजून येतं म्हणजे. हात काम विसरतो पण जीभ नाही. आणि तोवर ट्रूडीने तिच्या मनगटावर आपला उबदार, जाडजूड हात ठेवला होता. "मग मीही थांबते. हिला एकटीला कशी सोडू? चक्कर आली म्हणजे?" "नको गं, ट्रूडी, तुझी बोट बुडेल." "बोट बुडेल तेव्हा त्यात मी नसेन, हे बरंच की!" ट्रूडी म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या. ट्रूडी चांगली होती. लिडियाच्या बाळंतपणात तिने चार दिवस तिच्या गाईंचं दूध काढून दिलं होतं. आणि ट्रूडीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चीजच्या कारखान्यापासून शाळेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होई, हेही तितकंच खरं होतं.

बोट भोंगा वाजवून निघून गेली. दोघी जुन्या लाकडी पुलावर चढल्या. छताखालच्या तिकोनी चित्रांतले संत, राजे आणि जुन्या आगीत जळालेली छताची लाकडं वर बघत बघत लोक एकमेकांना धडकत होते. खाली पाणी हिरवं आणि घाईत होतं. ट्रूडी प्रत्येक चित्राखाली थांबत होती. "हा बघ, याचं डोकं हातात आहे. डोकं हातात घेऊन उभा, आणि चेहरा कसा, जणू कोबी आणलाय बाजारातून." लिडियाने हसून पाहिलं. लाकूड उन्हाने तापलं होतं, त्याला डांबराचा वास होता, आणि तो वास तिच्या घशातून खाली गेला तिथे श्वांडचं मागचं दार होतं. फेब्रुवारी. धुकं इतकं की गोठ्याची भिंत दिसत नव्हती. ती सव्वीस वर्षांची, कडेवर तीन महिन्यांचं मूल. वरच्या खोलीत बाबा, अर्धं अंग गेलेले, पण जीभ शाबूत, आणि त्या जिभेवर सहा दिवस एकच नाव. शेत धाकट्या मुलाचं, ही रीत त्या खोऱ्यात कुणी लिहून ठेवलेली नव्हती, कारण लिहायची गरज नव्हती. धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुलापलीकडच्या आगाथाशी लग्न करायला निघून गेला, बाबांनी त्याचं नाव टेबलावर घ्यायला बंदी केली, आणि शेत लिडिया-हान्सुएलीच्या हाताखाली आलं. नावावर नव्हे, हाताखाली. हान्सुएलीने त्याच हिवाळ्यात गोठ्याचं छप्पर नवं केलं होतं, स्वतः, बोटं फुटेपर्यंत. आणि आता बाबा म्हणत होते, "क्रिगूला बोलवा. माझं चुकलं असं त्याला सांगायचंय." तिने पत्र टाकलं होतं. टाकलं होतं, हे खरं. तेवढं तरी खरं होतं. मग त्या धुक्यातून टोपी हातात घेतलेला क्रिगू आला, पापण्यांवर बर्फ, आणि मागच्या दाराशी, लहानपणीसारखाच, बूट आपटत उभा राहिला. "बाबा?" तिने त्याच्याकडे पाहिलं. कडेवरच्या मुलाने तिच्या गळ्याशी ओलं तोंड लावलं होतं. तिला वाटलं नव्हतं की ती असं म्हणेल. ते वाटण्याच्या आधीच म्हटलं गेलं. "झोपलेत. डॉक्टरने उठवू नको म्हटलंय. उद्या ये." त्याने जिन्याकडे पाहिलं. "नुसता पायाशी बसतो." "उद्या ये, क्रिगू." आणि तिने दार लावलं. जोरात नाही. अगदी हळू, मूल जागं होऊ नये म्हणून लावतात तसं. खिडकीतून त्याची पावलं दिसत होती, मग त्यांच्यावर बर्फ पडत गेला आणि ती भरली. वरून बाबांचा आवाज आला, "कोण होतं?" "जनावरांचा डॉक्टर. लिझी आज-उद्या व्यायची आहे ना." मग, "थंडीतनं आला. कॉफी दिलीस ना त्याला?" ती म्हणाली, "दिली, बाबा." पहाटे ते गेले.

"लिडी! अगं, कुठे आहेस तू? तीन वाजत आले. तुला खरंच बरं नाही का?" ट्रूडीने तिच्या तोंडासमोर हात हलवला. लिडिया पुलाच्या कठड्यापासून दूर झाली आणि चालायला लागली. पायांनी आधी ठरवलं, तिला मागाहून कळलं. स्टेशनसमोर बस उभी होती. ती चढली. ट्रूडीही धापा टाकत चढली. "कुठे निघालो आपण?" "मला एका ठिकाणी जायचंय." "ते दिसतंच आहे, की कुठल्या तरी एका ठिकाणी जायचंय! बस कुठे जाते पण?" पिशवी पोटाशी घट्ट धरून लिडिया खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानं मागे गेली, शाळा, एक पेट्रोल पंप. तिने ठरवलं होतं ते इतकंच होतं: एकदा त्याच्यासमोर उभं राहायचं आणि मनात म्हणायचं. मोठ्याने नाही. तिच्या पंथात मेलेल्यांशी बोलत नाहीत, मेणबत्त्या लावत नाहीत, आणि कबुली द्यायला जाळीआडचा पाद्रीही नाही. माणूस आणि देव, मध्ये कुणी नाही. सेहेचाळीस वर्षं ती देवाला सांगत आली होती. देवाने ऐकलं असणार. पण ज्याला सांगायचं तो देव नव्हता. तो वीस वर्षांपूर्वी जूनमध्ये गेला. काळ्या किनारीचं कार्ड आलं तेव्हा गवत कापून पडलं होतं आणि पाऊस येणार म्हणत होते. ती गेली नाही. आता तो मातीत होता तोही फक्त परवापर्यंत.

दफनभूमीचं फाटक उघडं होतं. "कुणाला पुरलंय तू इथे?" ट्रूडीने थट्टेत विचारलं, पण आवाज आपोआप खाली आला होता. थडग्यांच्या पायथ्याशी छोट्या वाट्या होत्या, पवित्र पाण्याच्या, त्यात एकेक हिरवी डहाळी. येणारा-जाणारा ती डहाळी उचलून थडग्यावर पाणी शिंपडत होता. ट्रूडीने दोन्ही हात पाठीमागे बांधले, काही चुकून हात लागू नये म्हणून. पत्रातली रांग शेवटची होती. तिथे थडगी नव्हतीच जवळजवळ. रोपं उपटलेली, दगड काढून नेलेले, माती सारखी केलेली; बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यातच येऊन आपापलं आवरलं होतं. एकच दगड राहिला होता, उपटून आडवा ठेवलेला, कडेला लाल फीत. पलीकडे पिवळं यंत्र उभं होतं आणि त्याच्या सावलीत एक माळी बसून सफरचंद खात होता. "तुम्ही एश्लिमानच्या?" त्याने चाकू पुसत विचारलं. "मला वाटलं, याचं कुणी नाहीच. दगड न्यायचाय की फोडू?" लिडिया वाकली. कोपऱ्यातली माती तिने अंगठ्याने काढली. क्रिस्टियान एश्लिमान. दोन साल. आणि त्याखाली, लहान अक्षरांत, जिथे इतर लोक प्रार्थनेची ओळ घालतात तिथे: 'श्वांडचा'. ती वाचत राहिली. शेताशिवाय माणसाला नाव नसतं त्या खोऱ्यात. आडनावं दहाच, शेतावरूनच ओळखायचं. ज्याला श्वांडच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्याने परक्या मातीत अठ्ठावीस वर्षं काढून, मरताना आपण कुठले ते सांगून ठेवलं होतं.

"अगं, हा तर तुझा क्रिगू," ट्रूडी म्हणाली. मग तिच्या पाठीवर हात फिरवत, "लिडी, लिडी. तुझं मन मोठं हं. दुसरी कुणी आली नसती. बाप सहा दिवस नाव घेत होता आणि हा फिरकला नाही. मातीला मात्र आला, भिंतीपलीकडे उभा राहिला, तोंड दाखवायचीही लाज. माझी आई तेव्हाच म्हणाली होती, असा मुलगा शत्रूला नको. आणि तू त्याच्यासाठी बोट सोडून..." माळी सफरचंद चावत होता. त्याचा कुरकुर आवाज स्पष्ट येत होता. लिडियाला ती भिंत आठवली, चर्चच्या आवारातली. बायका मोठ्याने बोलत होत्या, त्याला ऐकू जाईल अशाच: आता आला, बाप जिवंत असताना नाही आला. त्याने ते ऐकलं. सगळ्या डोक्यांवरून त्याने तिच्याकडे पाहिलं, फक्त तिच्याकडे, एका वाक्यात तो सगळं उलटं करू शकला असता. त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. आत्ता गप्प राहिलं तर ट्रूडी आज संध्याकाळी गावात सांगेल की लिडिया किती मोठ्या मनाची. दगड परवा फुटेल. तिच्या जिभेला ठाऊक होतं कसं गप्प राहायचं ते. "आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"क्रिगू. बाबा जिवंत असताना. आदल्या दुपारी. मी दारातून परत पाठवला."

"काहीतरीच काय बोलतेस? ऊन लागलंय तुला."

"बाबा वर जागे होते. कोण आलं म्हणून विचारत होते. मी म्हटलं, जनावरांचा डॉक्टर. शेत जाईल म्हणून, ट्रूडी. दुसरं काही नाही. शेत जाईल म्हणून."

ट्रूडीचा हात पाठीवरून निघाला. ती दोन पावलं मागे सरली आणि वाटेच्या कडेच्या दगडी काठावर बसली, गुडघे फाकवून, दूध काढायला बसल्यासारखी. "सेहेचाळीस वर्षं," ती बुटांकडे बघत म्हणाली, "मी हे सांगतेय. माझ्या पोरांना सांगितलं, क्रिगूसारखे वागू नका. शाळेत, चीजच्या कारखान्यात, कुठे म्हणून नाही सांगितलं? तू समोर बसलेली असायचीस. केक वाढायचीस मला. माझ्या तोंडून वदवलंस तू हे, लिडिया." लिडी नाही, लिडिया. "हो," लिडिया म्हणाली. "हो म्हणजे काय? लाज वाटली नाही कधी?" "रोज." "मग?" लिडिया अंगठ्याची माती चोळून काढत राहिली. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटत नव्हतं. गोष्ट बाहेर पडली होती आणि आता ती त्यांच्या दोघींच्या मध्ये उभी होती, जिवंत, कुठे जावं ते न कळलेल्या वासरासारखी.

ट्रूडीच्या खिशातला फोन वाजला. वाजत राहिला. "घे ना," लिडिया म्हणाली. ट्रूडीने घेतला. मार्लीजचा आवाज बाहेरही ऐकू येत होता: बोट केव्हाच लागली, साडेचारला पाच कमी आहेत, अख्खी गाडी खोळंबलीय, ड्रायव्हर टोनीने इंजिन चालू केलंय, आहात कुठे तुम्ही? "येत नाही आम्ही वेळेवर," ट्रूडी म्हणाली. असलं वाक्य मंडळाच्या सहलीत कुणी कधी उच्चारलं नव्हतं. "गाडीच इकडे आणा, दफनभूमीवर. सामान आहे." तिने माळ्याकडे बघितलं. "किती भरेल हो?" "चाळीस किलो तरी." "दगड आहे, मार्लीज. चाळीस किलोचा. ... फोडायचा नाहीये. श्वांडला न्यायचाय. ... कुणाचा म्हणजे?" ती थांबली. तिने लिडियाकडे पाहिलं, दफनभूमीत आल्यापासून पहिल्यांदाच सरळ, आणि त्या नजरेत दया नव्हती. मग हात लांब करून तिने फोन पुढे धरला. "हे मी नाही सांगणार. आणि घरी हान्सुएलीलाही तूच सांगायचं."

फोन गरम होता, ट्रूडीच्या गालाच्या घामाने ओला. एका नातेवाइकाचा, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते शब्द तयारही होते, ओठांच्या अगदी मागे, नीट इस्त्री केलेले. "मार्लीज," लिडिया म्हणाली, "सगळ्या बसल्यात का?"

"बसल्यात कधीच्या! तुमच्या दोघींसाठी अडलंय घोडं."

"मग फोन स्पीकरवर टाक. सगळ्यांना ऐकू जायला हवं."

"आत्ता? अगं, साडेचार..."

"आत्ताच."

खरखर झाली. मग बायकांची कुजबूज आली, पिशव्यांची सळसळ, कुणाचं तरी हसणं, आणि त्या सगळ्याच्या खाली इंजिनाची धडधड. "लिडी बोलतेय, गप्प बसा गं!" मार्लीज ओरडली. आडोशाला कुणाचा सूर नव्हता. तिने डावा हात दगडावर ठेवला. तो उन्हाने तापला होता.

"बायांनो," ती म्हणाली, आणि आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, "माझा भाऊ क्रिगू बाबांना भेटायला आला नाही, असं गावात म्हणतात. ते मी सांगितलेलं आहे, आणि ते खोटं आहे. फेब्रुवारीचा महिना होता..."

पलीकडे कुणीतरी टोनीला इंजिन बंद करायला सांगितलं.